अर्धी उतरलेली गाणी

कालपासून ट्रॅक्टर जायला लागले. दुकानात बसलं की आधी आवाज येतो, मग धूळ येते आणि त्या धुळीतून एकामागं एक ट्रॉल्या बाहेर पडतात. चटया, पत्र्याच्या पेट्या, हंडे, कडब्याच्या पेंढ्या, पाय बांधलेली एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. बायका गावाकडं पाठ करून बसतात. निघताना गाव मागं पडलेलं बघायचं नसतं, असं माझी आई म्हणायची.

शिरूरमधून पाथर्डीकडं जाणारा हा रस्ता. दसरा-दिवाळीच्या आसपास या रस्त्यानं माणसं ऊस तोडायला जातात आणि ऊन तापलं की परत येतात. शाळेच्या पुस्तकात तीन ऋतू होते, आमच्या गल्लीत दोनच. एक माणसं असतानाचा, एक माणसं नसतानाचा.

माझं आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काल एक ट्रॉली चहाच्या टपरीपाशी थांबली, तर वरच्या पेटीवर बसलेली एक सून व्हिडिओ कॉलवर आईला सांगत होती, "निघालाव बघ, आत्ताच निघालाव." मला ओळखणारं त्या ट्रॉलीत कुणी असेलही, पण माझ्याकडं कुणी वळून पाहिलं नाही. तशी गरजच उरलेली नाही. एक काळ असा होता की प्रत्येक टोळी निघताना माझ्या दारात थांबायची. माझ्याकडं फोन होता. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना निरोप द्यायचा तर तो माझ्याकडूनच जायचा.

त्या काळातला एक हंगाम मला दर वर्षी या दिवसांत आठवतो. शतक नुकतंच बदललं होतं, शिरूर तालुक्याचं गाव झालं होतं आणि माझ्या एसटीडी बूथमध्ये मी कॉम्प्युटर आणला होता.

मी पंचविशीत होतो. डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. आमच्याकडं तोडीला जाणाऱ्या जोडीला 'कोयता' म्हणतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. तो तोडतो, ती मोळी बांधून डोक्यावरून गाडीत नेऊन टाकते. एकट्या माणसाला उसाच्या फडात किंमत नसते आणि एका पायाच्या माणसाला तर जागाच नसते. अपंगांच्या कोट्यातून मला एसटीडी बूथ मिळाला तेव्हा वडील म्हणाले, "चला, तुझं बसून भागलं." त्यांनी ते आनंदानंच म्हटलं होतं. पण दर वर्षी आई, वडील, भाऊ, भावजय ट्रॉलीत चढायचे आणि मी खाली उभा राहायचो, तेव्हा मला ते 'बसून' आठवायचं.

माणसं गेली की गावाला एक वेगळाच आवाज यायचा. रिकाम्या घरांच्या कुलपांपुढं बाभळीच्या फांद्या टाकलेल्या असायच्या, वाऱ्यानं त्या दगडावर घासायच्या. कुत्री काही दिवस बंद दारांपुढं पडून राहायची, मग कंटाळून स्टँडवर जायची. आमच्या गल्लीत माझ्या वयाचं कुणीच उरायचं नाही. सिंदफणेच्या कोरड्या पात्रातून वारा वर यायचा आणि बूथच्या काचेला असलेली फट वाजवत राहायचा. बोलायला तोंड उघडलं तर घसा साफ करावा लागायचा, इतका वेळ बोलण्याशिवाय जायचा.

कॉम्प्युटर पुण्याच्या आतेभावानं जोडून दिला होता. बूथच्या लायनीवर नेट चालत नसे, म्हणून शेजारी एक साधा फोन घेतला. अडचण एवढीच की तोडीला गेलेल्यांचे फोनही त्याच नंबरावर यायचे. कल्पना अशी होती की पोरं निकाल बघायला येतील, नोकरीचे अर्ज भरतील. पोरं आलीच नाहीत. ती उसात होती.

मग मी एकटाच त्या यंत्रापुढं बसायला लागलो. नेट जोडताना मोडेम ओरडायचा. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना सांगायला नको. आधी नंबर फिरल्याचे सूर, मग लांब शिट्टी, मग दोन खरखरीत आवाज एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यासारखे. आलेली गिऱ्हाइकं कानावर हात ठेवायची. मला मात्र तो आवाज आवडायला लागला. नेट लागलं तरी पुन्हा तोडायचो आणि पुन्हा जोडायचो, फक्त ऐकायला. एक दिवस मोडक्या इंग्रजीत शोधायच्या जागेत लिहिलं, टेलिफोन कॉम्प्युटर आवाज असा का येतो. उत्तरांच्या खाली खाली गेल्यावर एक पान सापडलं. त्यावर कुणीतरी लिहिलं होतं की मी या आवाजाचं गाणं केलंय, हवं तर फुकट घ्या.

मी घेतलं. तीच शिट्टी होती, पण इतकी संथ केलेली की विहिरीच्या तळातून कुणी हाक मारतंय असं वाटावं. खरखर होती, ती उसाच्या कोरड्या पाचटावरून कुणी चालत गेल्यासारखी झाली होती. ना शब्द, ना ठेका. संपलं तेव्हा मला कळलंच नाही की संपलंय. मी बराच वेळ पंख्याचा आवाज गाणं समजून ऐकत बसलो होतो.

त्या पानाखाली आणखी पानांची नावं होती आणि त्या पानांखाली आणखी. जगभर अशी माणसं पसरलेली होती. घरच्या कॉम्प्युटरवर आवाज कापायचे, ताणायचे, एकावर एक ठेवायचे आणि कुणालाही फुकट देऊन टाकायचे. ना कॅसेट, ना कंपनी, बहुतेकांचा फोटोही नाही. कुणी जपानातला, कुणी पोलंडमधला, कुणी अर्जेंटिनातला. एकानं पत्र्यावर पडणाऱ्या गारांचं गाणं केलं होतं. एकीनं स्वतःच्या श्वासाचं. कॉम्प्युटर अडखळतो तेव्हा जी टकटक होते तिचा ठेका धरून केलेली गाणी होती, त्या प्रकाराला ग्लिच म्हणत. मी डिक्शनरीत बघितलं, तर अर्थ निघाला बिघाड. मला हसू आलं. बिघाडाला कुठंतरी मान होता तर.

तोवर माझ्या कानावर पडलेलं संगीत म्हणजे लग्नातला बँड, देवळातलं भजन आणि एसटीत ड्रायव्हरनं लावलेली सिनेमाची गाणी. ती मला आवडायचीही. पण सिनेमाच्या गाण्यात कुणीतरी कुणालातरी 'तू' म्हणत असतं. माझ्याकडं 'तू' म्हणायला कुणी नव्हतं. ही नवी गाणी रिकामी होती, त्यांत कुणीच राहत नव्हतं. म्हणून मला आत शिरून बसता यायचं.

फक्त ती पूर्ण मिळायची नाहीत. एक गाणं उतरायला पाऊण तास, तास लागायचा. तेवढ्यात कुणीतरी यायचं आणि बाकड्यावर बसायचं, "पोराचा फोन यायचाय." नेट चालू असलं की बाहेरून फोन लागत नाही. मी नेट तोडायचो. जेवढं उतरलं तेवढं वाजायचं आणि मग एकदम शांतता. जिथं तुटलं तिथून पुढं उतरवायचीही सोय असते हे मला फार उशिरा कळलं. त्यामुळं माझ्याकडं सगळी अर्धीच गाणी जमली होती. ती मला त्यांच्या तुटण्यासकट पाठ झाली. आता इतक्या वर्षांनी त्यातलं एखादं फोनवर पूर्ण सापडतं. ऐकताना ती जुनी जागा आली की माझं अंग अजूनही आवळतं. गाणं पुढं जातं आणि मला परक्याच्या घरात शिरल्यासारखं होतं.

पारूकाकी त्या हंगामात पहिल्यांदा माझ्या बाकड्यावर येऊन बसली.

आमच्या गल्लीच्या टोकाला तिचं घर. चाळिशीही तिनं गाठली नसेल. त्या पावसाळ्यात तिची पिशवी काढली होती आणि डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही असं बजावलं होतं. तरी मुकादमाकडून आगाऊ पैसे घेऊन कोयता लागलेला होता, जोडी पूर्ण करायलाच हवी होती. मग तिचे मालक, दगडूकाका, दहावीतल्या पोरीला, संगीताला, घेऊन गेले. शाळेत फॉर्म भरलेला होता. परीक्षेच्या आधी आणून सोडतो, असं म्हणाले होते.

"दत्ता, येऊ का आत?" काकी दारातूनच म्हणाली. तिला मी लहानपणापासून ओळखत होतो, पण हिवाळ्यात कधीच पाहिलं नव्हतं. तीही जणू तोच विचार करत होती. बाकड्यावर टेकत ती म्हणाली, "आपल्या गावाला थंडीचं एवढं धुकं पडतं हे मला म्हाइतच नव्हतं बाबा. सात-आठ वर्सांची असल्यापासनं फडातच. माहेरलाबी तेच, हितंबी तेच. बोरी पिकलेल्या आज पहिल्यांदा पाह्यल्या."

तिनं पदरातून मूठभर बोरं काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी नेट तोडलं आणि दोघंही फोनकडं बघत बसलो.

फोन काही आला नाही. मी कंटाळून नुकतंच उतरलेलं गाणं लावलं. युहा नावाच्या फिनलंडमधल्या माणसाचं. अर्धंच उतरलेलं, आणि त्यात एकच आवाज होता. खालच्या पट्टीत घुमणारा, जराही न थांबणारा. नीट कान दिला तर त्याच्या आत आणखी एक बारीक सूर थरथरायचा. काकी आधी कॉम्प्युटरकडं, मग छताकडं, मग माझ्याकडं बघू लागली.

"काय वाजायलंय हे? मशीन बिघडलं का?"

"न्हाई काकी, गाणं हाय."

"कुणी म्हणंना, कुणी वाजवंना. ह्येला गाणं कावून म्हणायचं?"

मी बंद करायला हात पुढं केला तेवढ्यात ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे." तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं तशीच, डोळे न उघडता बोलली, "कारखाना हाय ह्यो. अड्ड्यावर पाचटाच्या कोपीत पडलं की असाच घुमतो, पार उशाखाली जमिनीतनं येतो. पयल्या पयल्यांदा झोपच येत नव्हती. आता घरी झोप येत न्हाई, लई सुनं सुनं वाटतं."

गाणं तुटलं. ती दचकली.

"पुढचं?"

"एवढंच हाय माझ्याकडं."

त्यानंतर ती रोजच दिवस कलायला लागला की यायची. फोन फक्त बाजाराच्या दिवशी यायचा, हे तिला माहीत होतं. तरी यायची. कधी बोरं, कधी भाजलेले हरभरे, कधी नुसतीच. मी गाणी लावायचो, ती त्यांना नावं द्यायची. श्वासाचं गाणं तिच्यासाठी 'म्हशीचं' होतं, गारांचं 'डब्याचं'. एका जपानी पोराचं टकटकीचं गाणं ऐकून ती इतकी हसली की टाके दुखले म्हणून पोटाला हात लावून बसली. "ह्येला म्हणावं, आधी पडलेली टाचणी हुडक, मग गाणं कर." पण शेवटी दर वेळी म्हणायची, "आता आमचा कारखाना लाव."

माझ्या आयुष्यात तोवर कुणी असं माझ्या आवडीच्या शेजारी येऊन बसलं नव्हतं. मी संध्याकाळची वाट बघायला लागलो. तिला हे मी कधी सांगितलं नाही.

त्याच दिवसांत मी युहाला मेल लिहिला. पानावर त्याचा पत्ता होता. दुपारभर डिक्शनरी घेऊन चार ओळी जमवल्या. मी भारतातल्या एका कोरड्या भागात राहतो, तुझं गाणं माझ्याकडं अर्धंच आलंय, आमच्याकडच्या एक काकी म्हणतात की हा साखर कारखान्याचा आवाज आहे, तर हे बरोबर आहे का. पाठवलं आणि लाज वाटली. कुठल्या कोण माणसाला काकीचं कशाला सांगितलं?

उत्तर आलं. माझं गाणं ऐकून लिहिणारा तू पहिलाच अनोळखी माणूस, असं त्यानं लिहिलं होतं. तो फिनलंडच्या उत्तरेला एका लहान गावात राहायचा. तिथं त्या दिवसांत सूर्य उगवतच नव्हता, आणि शाळेतले सगळे दोस्त शहरात निघून गेले होते. कारखान्याचा आवाज नाही, त्यानं लिहिलं होतं, माझ्या आईच्या फ्रीजचा आहे. ती वारल्यावर घर आवरायला गेलो, घरात सामानही फारसं उरलं नव्हतं, आणि स्वयंपाकघरात फ्रीज एकटाच चालू होता. बंद करण्याआधी मी त्याचा आवाज भरून घेतला.

संध्याकाळी मी ते काकीला मराठीत सांगितलं. आमच्या गल्लीत तेव्हा फ्रीज नव्हता. तिनं तो ऐकला असण्याची शक्यताच नव्हती.

"एकटाच ऱ्हातो का त्यो?"

"हां."

"मग बंद कावून केला? चालू ठेवायचा व्हता की. लाइट जाळून जाळून किती जळली आस्ती?" आणि मग पदरानं नाक पुसत म्हणाली, "जेवतो का बघ म्हणावं येळेवर. इचार त्याला."

मी विचारलं. युहानं लिहिलं की जेवतो, बहुतेक बटाटे. काकीला ते पटलं नाही.

संक्रांतीनंतरच्या बाजारी फोन आला तेव्हा दगडूकाका खुशीत होते. त्यांचा आवाज रिसीव्हरमधून माझ्यापर्यंत येत होता. "पोरगी लई चपळ निघाली! मुकादम सुदीक म्हणला, दगडू, तुझ्या बायकूपेक्षा पोरीचा हात बरा हाय. पुढल्या साली हिचाच कोयता लावून टाकू म्हणला. पोरगंबी हाय त्याच्या बघण्यात."

काकीनं फक्त "संगीला दे" म्हटलं. संगीता फोनवर आली. काकी विचारत होती, जेवलीस का, हाताला काय झालंय का, पुस्तकं उघडलीस का. पलीकडून "हां" येत होतं, प्रत्येक प्रश्नाला तेवढंच. काकीनं रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरला होता. ती पोरीच्या मागचा आवाज ऐकत होती, कारखाना, गाड्या, माणसं. तिनं रिसीव्हर ठेवला आणि बाकड्यावर बसली नाही.

"मी जाते उद्या."

"कुठं?"

"फडात. मी गेले म्हंजी जोडी पुरी हुती. पोरीला धाडते म्हागारी."

"काकी, डॉक्टरनं काय सांगितलं? वजन उचलायचं न्हाई. टाके..."

"डाक्टर काय परीक्षेला बसणार हाय का?"

मी खूप बोललो. मुकादमाला फोन करतो म्हणालो, शाळेतल्या गुरुजींना सांगतो म्हणालो. मी तिच्या पोटाच्या काळजीनंच बोलत होतो. पण बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू आला आणि त्यात दुसरंही काहीतरी होतं. ती गेली तर संध्याकाळी कोण येणार? तिलाही ते कळलं असावं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आई ट्रॉलीत चढण्याआधी फिरवायची तसा. "संगी हितं येऊन बसल अभ्यासाला. घरात लाइट न्हाई, तुझ्याकडं लाइट गेली तरी बॅटरीवर दिवा ऱ्हातो. जरा लक्ष ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नगरच्या एसटीत बसली. मी स्टँडपर्यंत गेलो. हातात एक पिशवी, कमरेला घट्ट बांधलेलं लुगड्याचं फडकं. खिडकीपाशी बसून तिनं गावाकडं पाठ केली नाही. धुकं होतं, ती ते बघत होती.

त्या संध्याकाळी बाकड्यावर कुणीच आलं नाही. कुणाचा फोन यायचा नव्हता. मी युहाचं गाणं उतरायला लावलं आणि वाट बघत बसलो. ते तुटलं नाही. लाइट गेली नाही, दार वाजलं नाही. सरकत सरकत पडद्यावरची रेघ टोकाला पोचली आणि पहिल्यांदा माझ्याकडं एक गाणं पूर्ण आलं. इतके दिवस मी याची वाट पाहत होतो. पण लावायला हात पुढं होईना. कुणीच आलं नाही म्हणून ते पूर्ण उतरलं होतं, हे मला दिसत होतं. स्पीकर बंद केले आणि कुलूप लावून घरी गेलो. मला वाटतं, तेवढा एकटा मी त्याआधी नव्हतो आणि नंतरही झालो नाही.

आठवड्याभरात संगीता आली. उन्हानं काळवंडली होती, बोटांवर उसाच्या पानांनी चिरलेल्या रेघा. तिच्याबरोबर ऊस दिला होता काकीनं माझ्यासाठी, पिशवीत मावेल असे तुकडे करून. ती रोज दुपारपासून बूथमध्ये बसायची, बाकड्यावर पुस्तकं मांडून. मला वाटलं, आईची पोरगी आहे, हिलाही ऐकवावं. एक गाणं लावलं. तिनं भूमितीतून मान वर केली.

"दादा, हे काय वाजायलंय?"

"तुझ्या आईला आवडायचं."

"माझं डोकं दुखायलंय. बंद कर ना."

मी बंद केलं. पुढं मी हेडफोन लावूनच ऐकायला लागलो. ती शेजारी बसून प्रमेयं पाठ करायची, तिचे ओठ हलायचे आणि माझ्या कानात पोलंडमधला कुणीतरी काच घासत असायचा. कधी कधी तिच्या ओठांचा आणि त्या घासण्याचा ताल जुळायचा. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

संगीता पास झाली. फार मार्क नव्हते, पण पुढं शिकली आणि संभाजीनगरला एका दवाखान्यात नर्स आहे. काकी त्यानंतरही काही हंगाम फडात गेली. तिची कंबर कायमची गेली, आता ती घरात काठी धरून चालते आणि लेकीकडं राहायला जायला तयार होत नाही. युहाचे मेल दोन-तीन वर्षं येत राहिले, मग थांबले. त्याची गाणी ज्या पानावर होती ते पान एक दिवस उघडलं नाही, त्यानंतर कधीच उघडलं नाही. त्या काळातली बहुतेक पानं अशीच गेली. फुकट दिलेल्या गोष्टी सांभाळायला कुणी बांधील नसतं. आता शोधलं तर जगातलं सगळं संगीत हातात येतं, पण त्यातली ती माणसं कुठं गेली हे कुणाला सांगता येत नाही.

त्याच हंगामात, फेब्रुवारीतल्या एका बाजारी काकीचा फोन आला. त्या संध्याकाळचं मला जसंच्या तसं आठवतं.

आधी ती संगीताशी बोलली. परीक्षेचा नंबर कुठं आलाय, पेन घेतले का, डब्यात काय नेणार. मग म्हणाली, दत्ताला दे.

"दत्ता, बरा हायस का?"

"हाय काकी. तुमचं पोट?"

"हाय ते हाय. ऐक, ते तुझं घुमणारं हाय का अजून? का पुसून टाकलंस?"

"हाय की. आता तर पूर्ण हाय."

"मग लाव. फोन जवळ धर त्याच्या."

मला हसू आलं. "काकी, तुमच्या शेजारी खराच कारखाना हाय ना? आवाज यायलाय मला हितपर्यंत. त्योच ऐका की."

"त्यो न्हाई," ती म्हणाली. "त्यो कामाचा हाय. तुझं लाव."

मी हेडफोनची पिन काढली. संगीतानं माझ्याकडं बघितलं आणि पुस्तक मिटलं. गाणं सुरू केलं आणि रिसीव्हर उलटा करून स्पीकरच्या जाळीला टेकवला. तो आवाज बूथभर पसरला. काचेची फटही त्यात मिसळली. मी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत होतो, कोल्हापूरकडच्या कुठल्याशा फाट्यावर, पत्र्याच्या टपरीत, फोन कानाला लावून काकी उभी असेल. मागं उसाच्या गाड्यांची रांग. बैलांच्या घुंगरांचा आवाज. दुसऱ्या कानावर पदर दाबून धरलेला.

ज्या जागी गाणं नेहमी तुटायचं ती जागा आली आणि गेली. उतरल्यापासून मी ते लावलंच नव्हतं, पुढचं मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. घुमणं तसंच होतं, पण त्याच्या आतला तो बारीक सूर हळूहळू वर यायला लागला, इतका हळू की आधी तो होताच असं वाटावं. मी रिसीव्हर आणखी जवळ धरला. हात भरून आला तरी हलवला नाही.

"दादा," संगीता हलकेच म्हणाली. "फोन कवाच कटलाय. टूं टूं ऐकू यायलंय मला हितं."

मी तिच्याकडं बघून मान हलवली. गाणं थोडंच उरलं होतं. ते संपेपर्यंत मी रिसीव्हर तसाच धरून ठेवला.